पोळ्यावरचे पाच ठिपके

रोज सकाळी सव्वापाचला, बूट घालायच्या आधी, मामा नुसत्या मोज्यांवर आपल्या वाद्यापुढे बसायचा आणि एक अख्खं गाणं आवाजाशिवाय वाजवायचा. त्या वाद्याला स्वतःचा आवाज नव्हताच. वायरने ते एका खोक्याला जोडायचं, खोकं चालू करायचं, की मग स्पीकरमधून सूर यायचे. सकाळी खोकं बंद असे. ऐकू यायची ती फक्त कळांची टपटप.

"उंदीर उठले वाटतं," मामी अंथरुणातूनच म्हणायची.

"उठले. आता चहा टाकतील," मामा म्हणायचा आणि खरंच उठून चहा टाकायचा.

मग तो कारखान्याची बस चालवायला जायचा. सकाळच्या पाळीची सत्तेचाळीस माणसं ठिकठिकाणच्या कोपऱ्यांवर उभी असायची. सव्वीस वर्षांत एकाही माणसाला त्याने खरचटू दिलं नव्हतं. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही. मामी मात्र दाखवायची.

मी त्यांच्याकडे शिकायला राहत होते. मामाच्या वाद्याची आणि माझी खोली एकच. डेपोजवळच्या दुकानात कुणीतरी मागवून न नेलेलं ते वाद्य धूळ खात पडलं होतं, ते मामाने उचलून आणलं. साध्या की-बोर्डसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याला नव्हत्या. दोनशेच्या आसपास षटकोनी कळा, करड्या रंगाच्या, एकीला एक चिकटून. प्रत्येक कळीला सहा शेजारणी. मामीने पहिल्याच दिवशी त्याला 'पोळं' म्हटलं, आणि मग घरात, डेपोत, गाण्याच्या गटात सगळीकडे तेच नाव झालं.

साध्या की-बोर्डवर सुरुवातीचा सूर बदलला की बोटांची सगळी ठेवण बदलते. कुठे काळी पट्टी आडवी येते, कुठे पांढरी. पोळ्यावर तसं नाही. गाण्याची एक आकृती हाताला शिकवली की ती कुठेही ठेवा, गाणं तेच वाजतं. हात उजवीकडे एक घर सरकवला तर गाणं एक सूर वर चढतं, इतकंच.

"ही बसच आहे गं," मामा मला समजावायचा. "सगळं बिऱ्हाड घेऊन निघायचं. कुणाला जागेवरून उठवायचं नाही. यात चूक म्हणून होत नाही."

चूक होत होती. ती ऐकू येत नव्हती.

आपलं गाणं नेमकं कुठून सुरू करायचं हे कळावं म्हणून मामाने मामीची नेलपॉलिश घेऊन एका कळीवर लाल ठिपका दिला होता. उजवा अंगठा त्या ठिपक्यावर ठेवायचा आणि निघायचं. मी आले त्या वर्षीच्या हिवाळ्यात एकदा तो म्हणाला, "अगं, तो ठिपका पुसला गेलाय. जरा नवीन दे बघू."

"कुठे देऊ?"

"हा काय, जिथे माझा अंगठा आहे तिथे."

मामी हातातलं काम टाकून आली, त्याच्या अंगठ्याखालच्या कळीवर ठिपका देऊन, फुंकर मारून गेली. मी वाचत बसले होते. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पुढेही तो अधूनमधून हेच सांगत राहिला.

दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर त्यांचा गाण्याचा गट जमायचा. अकरा-बारा माणसं, सगळी आपापल्या कामातून सुटून आलेली. मामा साथीला. मुख्य आवाज टेलरबाईंचा. त्या बाजारात ब्लाउज शिवायच्या आणि दुपारभर मान खाली घालून बसल्याचं उट्टं शनिवारी काढायच्या. उन्हाळा सुरू होताना त्या म्हणाल्या, "मास्तर, पट्टी चढलीय की माझा गळा बसलाय?"

"गळ्याला काय धाड भरलीय तुमच्या? चढवा!"

टेलरबाईंनी चढवला. सगळ्यांनीच चढवला. साधा की-बोर्ड असता तर कुणीतरी बोटांकडे पाहून म्हणालं असतं, अहो, कालपर्यंत काळी एक होती, आज काळी दोन कशी? पण पोळ्यावर काळी नव्हती, पांढरी नव्हती. कुठून सुरू झालं याला गटात नावच नव्हतं. मामाच्या हाताखाली गाणं अचूक वाजत होतं, फक्त जरा वरून. आणि साथीदार जिथे नेईल तिथे गाणाऱ्याने जायचं असतं. पावसाळ्यापर्यंत गटातले पोस्टमन, ज्यांचा आवाज सगळ्यात खालचा, ते यायचे बंद झाले. "एवढ्या उंचावर माझी सायकल चढत नाही," असं म्हणून गेले. सगळे हसले. मामा सगळ्यात जास्त हसला.

तो हसवायचाही. सकाळी पेपर मोठ्याने वाचायची त्याला सवय होती, आणि हल्ली तो वाचताना गमती करायचा. म्हणजे आम्हाला वाटायचं, गमती करतो. 'अध्यक्षांची बिनविरोध निवड' अशी बातमी होती तर म्हणाला, "विरोध, निवड. अरे, विरोध आहे तर निवड कशी?" एकदा 'अशक्य' वाचायचं तिथे "शक्य" वाचलं. मामी म्हणाली, "अहो, शब्दांची मुंडकी काय छाटताय सकाळी सकाळी?" मी तर मैत्रिणींनाही सांगितलं, आमचा मामा बातम्यांची शेपटं वाचतो. त्याही हसल्या.

ताटलीतलं अर्धं अंडं तो ठेवून उठायचा. डावीकडचं. मामी म्हणायची, "हे कुणासाठी राखून ठेवलंत?" तो ताटलीकडे पाहायचा, ताटली फिरवायचा, आणि जणू आत्ताच कुणी आणून वाढलं तसं ते अंडं खायचा.

कानाडोळा हा शब्द मी शंभर वेळा लिहिला असेल. त्या वर्षी आमच्या घरात तो शब्दशः चालला होता. कानाने ऐकलं ते सोडून दिलं, डोळ्याने पाहिलं ते सोडून दिलं.

बसच्या डाव्या अंगावर ओरखडा आला. मग दुसरा. डेपोचा मिस्त्री घरी आला तेव्हा चहा पिताना म्हणाला, "मास्तर, सव्वीस वर्षांत माझ्याकडून एक डबा रंग नेला नाहीत, आणि यंदा आरसा दोनदा बदलला. डाव्या बाजूशी भांडण आहे का काय?"

"कालव्याच्या रस्त्याला कठडे कुठे आहेत?" मामा म्हणाला. "झुडपं येतात अंगावर."

"झुडपं पत्रा कापत नाहीत."

"मग तू काप," मामा म्हणाला, आणि विषय हसण्यावारी गेला. मिस्त्री मात्र हसला नव्हता. जाताना त्याने मला दारात विचारलं, "डोळे दाखवलेत का यांनी?"

दाखवले होते. दर वर्षी ड्रायव्हर लोकांचे डोळे तपासायचे. तपासणारा तक्त्यावरच्या एकेका अक्षरावर काठी ठेवायचा आणि मामा एकेक अक्षर घडाघडा वाचायचा. एकट्या अक्षराला डावी बाजू असून असून किती असणार? डोळे उत्तम, असा शिक्का मिळाला.

तो रविवार होता. मामी धुणं घालत होती, मामा पुढच्या खोलीत पडला होता. मी खोली आवरायला काढली आणि ओल्या फडक्याने पोळं पुसायला घेतलं. लाल ठिपका फडक्याखाली आला. त्याच्या डावीकडे, शेजारच्याच कळीवर, आणखी एक. त्याच्याही डावीकडे आणखी एक. मी फडकं बाजूला ठेवलं. एका रांगेत पाच ठिपके होते. डावीकडून उजवीकडे, एकेका घराने सरकत गेलेले. पाचही तसेच लालभडक. एकही पुसला गेला नव्हता.

मी त्या स्टुलावर बसले. अंगठा पहिल्या ठिपक्यावर ठेवून पाहिला, मग पाचव्यावर. पोस्टमनांचा आवाज का पुरेना ते कळलं. मग बाकीचं एकेक येऊ लागलं. अंडं. पेपर. आरसा. आणि सत्तेचाळीस माणसं.

स्वयंपाकघरातून एक चमचा घेऊन मी पुढच्या खोलीत गेले. मामा उठून खुर्चीत बसला होता.

"मामा, समोर बघ. माझ्या नाकाकडे. चमचा दिसला की सांग."

"आता हा कसला खेळ?"

"बघ तरी."

चमचा मी त्याच्या उजवीकडून आणला. "दिसला," तो लगेच म्हणाला. मग डावीकडून आणला. त्याच्या कानापाशी, गालापाशी, डोळ्यापाशी. तो माझ्या नाकाकडे बघत शांत बसला होता. चमचा त्याच्या नाकासमोर आला तेव्हा म्हणाला, "हा. दिसला. कुठे होता इतका वेळ?"

दारात मामी उभी होती. तिच्या हातातल्या ओल्या कपड्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

मामाला पटत नव्हतं. तो म्हणत होता, मला सगळं दिसतंय, काळं नाही, धुरकट नाही, काही कमी नाही. आणि खरंच त्याला तसंच वाटत होतं. जे उरलं होतं तेच त्याचं सगळं होतं. शेवटी मामीने त्याचा हात धरून त्याला पोळ्याशी नेलं, त्याची मान डावीकडे वळवली आणि एकेका ठिपक्यावर त्याचं बोट ठेवलं. पाचव्या ठिपक्यावरून त्याने बोट उचललं नाही.

"हे सगळे तूच दिलेस?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तिथे दिले," मामी म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

मामीने डेपोत फोन केला. सुपरवायझर म्हणाले, मंगळवारपासून बदली ड्रायव्हर देतो, उद्या मात्र कुणीच नाही. डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळाली.

"एक सकाळ," मामा म्हणाला. "माणसं कोपऱ्यावर उभी असतील गं. त्यांचा दिवस बुडेल."

"उभी राहू देत," मामी म्हणाली.

"मी बसते ना पुढे," मी म्हणाले. "डावीकडचं मी सांगत जाईन." हे मी म्हणाले. हे दुसऱ्या कुणाच्या नावावर घालायची सोय नाही.

मामी मामाकडे वळली. "हळू चालवा," इतकंच म्हणाली.

सोमवारी सकाळी टपटप ऐकू आली नाही. मी त्याच्या डाव्या हाताच्या सीटवर बसले. पहिल्या कोपऱ्यापासून बोलत राहिले. "मामा, डावीकडे सायकल. मामा, दूधवाला. खांब. थोडा उजवीकडे घे. बास." तो मान हलवत होता, इतका सावकाश चालवत होता की मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, वरातीला निघालोय का?" बस हसली. मला घाम फुटला होता. कालव्याच्या रस्त्याला मी उठून काचेला नाक लावून उभी राहिले आणि चाकापासून पाण्यापर्यंतचं अंतर हाताने दाखवत राहिले. एका कुत्र्यासाठी मी इतक्या मोठ्याने किंचाळले की त्याने करकचून ब्रेक लावला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तू बोल. ओरडू नको. ओरडलीस की मी तुझ्याकडे बघतो."

कारखान्याच्या फाटकाशी बस उभी राहिली. मी दाराशी उभी राहून माणसं मोजली. सत्तेचाळीस. एकेक उतरताना मामाला हात करत होता. शेवटचा उतरला. मी पायरीवरच बसले. मामा हसला. त्याच्याही कपाळावर घाम होता.

"झालं की नाही?" तो म्हणाला. "आता रिकामी गाडी डेपोत लावतो. मैलभर तर रस्ता. तू जा, तुझा तास चुकेल."

आणि मी गेले. आदल्या दिवसापासून आम्ही तिघंही सत्तेचाळीसच माणसं मोजत होतो. ती सुखरूप उतरली होती. बसमध्ये उरलेला एक माणूस आमच्या मोजण्यात नव्हता.

डेपोचा रस्ता त्याच कालव्याच्या कडेने परत जातो. डावीकडच्या वळणावर बस न वळता सरळ कालव्यात गेली. ब्रेकच्या खुणा नव्हत्या, असं मिस्त्रीने सांगितलं, आणि मग म्हणाला, म्हणजे शेवटपर्यंत त्याला रस्ता नीटच दिसत असणार. डॉक्टरांनी नंतर मेंदूतल्या गाठीबद्दल सांगितलं. डोळे धड होते, ते म्हणाले. गाठीने डावी बाजू खाल्ली होती, आणि ती खाल्ल्याची जाणीवसुद्धा. मामी मान हलवत ऐकत होती. घरी आल्यावर तिने नेलपॉलिशची बाटली शोधली. ती वाळून खडखडीत झाली होती.

त्या सकाळी फाटकाशी मी उतरले, दप्तर खांद्याला लावलं आणि चार पावलं गेले. मामाने आपल्या खिडकीतून हाक मारली. मी वळले. त्याने डाव्या गालावरच्या खुंटांवरून हात फिरवला.

"येताना दाढीची ब्लेडं आण गं. मागच्या वेळची अगदीच बोथट निघाली."