चौथं गाणं मिळत नाही

नियाज शिकलगार तेवीस वर्षं एकच खोटं बोलत आला, आणि तेही दर रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, फोनवर. "नमस्कार, रेडिओवरून बोलतोय. आपलं चौथं गाणं काही मिळत नाहीये हो. पटकन दुसरं सांगता का? तासाभरात कार्यक्रम आहे." गाणं मिळालेलं असायचं. चांगलं दोन दिवस आधीच मिळालेलं असायचं.

एरंडवण्यातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर 'मुळाकाठ रेडिओ' नावाचं स्टेशन आहे. तिथून दर रविवारी अकरा वाजता 'पाच गाणी, एक माणूस' हा कार्यक्रम थेट लागतो. पुण्यातलं कुणी नामवंत येऊन बसतं, आयुष्याबद्दल बोलतं आणि मधे मधे आपल्या आवडीची पाच गाणी ऐकवतं. प्रश्न विचारायला संजय राजोपाध्ये असतात. पाहुण्याकडून यादी मागवायची, गाणी जमवायची आणि काचेपलीकडे बसून ती वेळेवर लावायची, हे नियाजचं काम. खोटं बोलणं कामाचा भाग नव्हतं. ती जबाबदारी त्यानं आपणहून अंगावर घेतली होती.

त्याला कारण त्या याद्या. पुण्यातल्या माणसाला आवडीची पाच गाणी विचारली की तो आवड सांगत नाही, इभ्रत सांगतो. पहिलं नाट्यगीत, वडिलांची आठवण म्हणून. दुसरा एखादा अवघड राग, ज्याचं नाव घेताना पाहुणा स्वतःच्या कानाची पाळी धरणार. तिसरा अभंग. चौथी गझल, कारण आपण उर्दूही जाणतो. पाचवं एखादं इंग्रजी, परदेशातल्या मुलाला बरं वाटावं म्हणून. हजारावर माणसं येऊन गेली आणि झाडून सगळ्यांचे वडील पहाटे उठून नाट्यगीतं म्हणत होते. त्या काळी या शहरात झोपत तरी कोण होतं, असं नियाज विचारायचा.

पण घाईत माणसाला इभ्रत आठवत नाही. एक गाणं मिळत नाही म्हटलं की पाहुणा गडबडतो. अंघोळ राहिलेली असते, इस्त्रीचा झब्बा सापडत नसतो, आणि तोंडातून जे निसटतं ते खरं निघतं. कोथरूडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं तीन पिढ्या ताठ बसल्या. त्यांनी असलं एक आयटम साँग मागितलं की नियाजनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. हृदयाचे एक मोठे डॉक्टर होते, त्यांना बिस्किटाच्या जाहिरातीची धून हवी होती. ऑपरेशन करताना डोक्यात तीच चालू असते म्हणाले. ते ऐकून नियाजनं चार महिने वडापाव सोडला.

आणि हिंमतराव. शहरानं गिळलेल्या एका गावचे, तीन टॉवरचे धनी. त्यांच्या यादीत पाचही बडे ख्याल, सुनेच्या सुबक अक्षरात. फोनवर मात्र हिंमतराव हळूच म्हणाले, "बैलांच्या शर्यतीला हलगी वाजती बघा, तसली काय हाय का तुमच्याकडं?" हलगी वाजली आणि हा एवढा दांडगा माणूस स्टुडिओत लहान पोरासारखा रडला. शर्यतीच्या माळावर आता टॉवरचं पार्किंग होतं, आणि ते त्यांनीच बांधलं होतं.

असलं सगळं नियाज रविवारी दुपारी बिबवेवाडीच्या घरी बिर्याणीसोबत वाढायचा. कोण किती पाण्यात आहे, हे त्याला म्हणे एका गाण्यात कळतं. मुलीला स्थळं आली तर तो पगार विचारणार नव्हता, चौथं गाणं विचारणार होता. मुलगी मिसबा खराडीला नोकरी करते. तिनं त्यासाठी स्थळांनाच घरात बंदी केली होती. बायको परवीन हे सगळं ऐकून घ्यायची, भात वाढायची आणि चारच्या क्लासची तयारी करायला उठायची. या घरात हिंदी-मराठीची खिचडी चालते, पण टोमणे शुद्ध मराठीत मारले जातात. त्यातले नव्वद टक्के नियाजचेच.

त्याचा कान तयार होता, यात वाद नाही. पण कान तयार असलेल्या माणसाच्या शेजारी राहणं म्हणजे काय, ते शेजाऱ्यांना विचारा. सोसायटीच्या गणपतीची आरती पट्टी सोडून जाते, हे त्यानं अध्यक्षांना लेखी कळवलं होतं. पोहेवाल्याची शीळ त्यानं सुधारली होती. मिसबानं शाळेच्या गॅदरिंगमध्ये म्हटलेल्या गाण्याचा निकाल त्यानं तिथल्या तिथे, पहिल्या रांगेतून दिला होता.

परवीनचा गणिताचा क्लास बाहेरच्या खोलीत. सव्वीस वर्षांत तिनं अर्ध्या बिबवेवाडीच्या डोक्यात बीजगणित कोंबलं. मार्चमध्ये ऋतिका नावाची तिची एक जुनी विद्यार्थिनी कार्यक्रमात पाहुणी म्हणून आली. ही आता कुठल्याशा मोठ्या कंपनीची सर्वेसर्वा. ती गाण्यांवर दोन मिनिटं बोलली आणि परवीन मॅडमवर वीस. पुढच्या आठवड्यात स्टेशनला दीडशे निरोप आले, सगळ्यांचं म्हणणं एकच, मॅडमना बोलवा. संजयरावांनी तारीखच ठरवून टाकली आणि जाता जाता नियाजला म्हणाले, "वहिनींची आवड तुम्हाला विचारायची गरजच नाही म्हणा."

नियाज हसला. रिक्षात बसल्यावर त्याचं हसू गेलं.

परवीनची आवड? अरे, बायकोची आवड? त्याला वांग्याचं भरीत आठवलं, फिका निळा रंग आठवला, वर्गमुळं आठवली. गाणं एकही आठवेना. रात्री मिसबानं सरळ विचारलं की अब्बा, अम्मीचं आवडतं गाणं कुठलं? त्यानं तोंड उघडलं आणि पाणी प्यायला. अख्ख्या पुण्याची नाडी हातात असलेल्या माणसाला स्वतःच्या घरातला पत्ता माहीत नव्हता. आता एक आठवडा उरला होता आणि त्याला दुसरं काही सुचेना. हिचं काही गाणं आहे का? की एकोणतीस वर्षं आपण एका बाईबरोबर राहतोय आणि आत काय वाजतं ते आपल्याला ठाऊकच नाही?

मग त्यानं पाळत ठेवली. स्वयंपाकघराच्या दाराशी पेपर वाचत उभा राहिला. कपडे वाळत घालताना गच्चीत मागे मागे गेला. परवीन काही गुणगुणेना. कुकरची शिट्टी झाली, वॉशिंग मशीन गाऊन गेलं, परवीन गप्प. शेवटी तिनंच विचारलं की तब्येत बरी आहे ना, असे मागे मागे का फिरताय?

बुधवारी तिनं यादी दिली. नाट्यगीत, राग, अभंग, गझल आणि एक जुनं भावगीत. ही तीच पाच गाणी होती, जी नियाज रोज सकाळी घरात लावायचा आणि ज्यांतल्या जागा तो हात वर करून सगळ्यांना दाखवायचा. पोरं गाइडमधून उत्तर उतरवतात ना, तशी तिनं ती उतरवली होती. दुसऱ्या कुणाची असती तर त्यानं ती यादी दिवसभर मिरवली असती. ही मात्र त्यानं घडी करून खिशात ठेवली आणि जेवला नाही.

रविवारी दहा वाजता त्यानं स्टेशनवरून फोन लावला. बायकोला.

"नमस्कार, रेडिओवरून बोलतोय," तो सवयीनं म्हणाला. "आपलं चौथं गाणं मिळत नाहीये."

"अहो, ती गझल आपल्या कपाटात दोनदा आहे," परवीन म्हणाली.

तिला सगळं माहीत होतं. असणारच. तेवीस वर्षं हा पराक्रम त्यानं तिलाच तर ऐकवला होता. तो ओशाळून फोन ठेवणार, एवढ्यात तीच म्हणाली, थांबा. मागे नळ चालू होता, तो बंद केल्याचा आवाज आला. मग तिनं एक गाणं सांगितलं, एका दमात, आणि रिक्षा आली म्हणून फोन ठेवून दिला.

नियाज थिजला. ते गाणं म्हणजे पंच्याण्णव सालच्या एका पडेल सिनेमातली निव्वळ धांगडधिंग्याची चीज होती. हिरॉईन पाण्याच्या टाकीभोवती पळते आणि मागे चाळीस जण मडकी घेऊन नाचतात. रिक्षावाल्यांनीही सहा महिन्यांत सोडलेलं. आणि आता खरी पंचाईत झाली. हे चौथं गाणं खरोखरच मिळेना. ते स्टेशनच्या कपाटातून कचरा म्हणून बाहेर काढलं होतं, आणि तसा शेरा मारून खाली सही कुणी केली होती? नियाज शिकलगारनं. शेवटी इंटरनेटवर कुणा भल्या माणसानं चढवलेली घरघरती प्रत सापडली, तीही टूथपेस्टची जाहिरात ऐकल्यावर.

अकराला परवीन फिका निळा सलवार-कुर्ता घालून स्टुडिओत बसली. समोरचा लाल दिवा लागला की माइक चालू, मग शिंकसुद्धा अख्ख्या शहराला ऐकू जाते, असं संजयरावांनी तिला बजावलं. पहिली तीन गाणी रीतसर पार पडली. ती छान बोलली, शून्याची भीती कशी घालवायची ते सांगितलं, दोनदा संजयरावांचं गणित दुरुस्त केलं. मग चौथ्याची पाळी आली. नाव वाचून संजयरावांच्या भुवया वर गेल्या आणि हेच गाणं का, असं त्यांनी विचारलं.

परवीननं काचेकडे पाहिलं नाही. "लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी हे भाजी चिरताना गुणगुणत होते. आमचे हे दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, दुसरी ओळ बेसूर जातेय, येत नसेल तर गाऊ नये. मग नाही गायले."

"मग पुन्हा कधी गायलात?"

"नाहीच." ती शांतपणे म्हणाली, पाढा सांगावा तशी. "राग नाही हो. त्यांचं बरोबरच होतं. चुकलं ते चुकलं. पण माझ्या क्लासात कुणाचं गणित चुकलं, तर मी त्याला पेन खाली ठेव म्हणत नाही."

संजयरावांनी काचेकडे बघून मान हलवली आणि नियाजनं गाणं सुरू केलं.

त्याला आठवत नव्हतं. हे सगळ्यात वाईट होतं. तो दरवाजा, ती भाजी, ते वाक्य, काहीही आठवत नव्हतं, कारण तसली वाक्यं त्यानं शेकड्यांनी वाटली होती. आयुष्यभर लोकांच्या चौथ्या गाण्यांत नाक खुपसत हिंडला, आणि घरातलं एकुलतं एक गाणं त्यानं स्वतः मारलं होतं. लाज वाटली त्याला, अगदी कान तापेपर्यंत.

काचेपलीकडे मडक्यांचा दणदणाट चालू होता. माइक बंद होते, दिवा विझलेला होता. परवीन खाली बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

नियाजनं हात पुढे केला आणि तिचा माइक चालू केला.

लाल दिवा लागला. परवीन गप्प झाली. तिनं दिव्याकडे पाहिलं, मग काचेतून नवऱ्याकडे पाहिलं. नियाजनं तिला काही खूण केली नाही. आपला चेहरा कसा दिसतोय, याचाही त्याला पत्ता नव्हता. दोन ओळी तशाच वाजून गेल्या. मग तिनं खुर्ची माइकजवळ ओढली, पदर खोचावा तशी ओढणी खांद्यावर घट्ट घेतली, आणि मोठ्यानं गायला लागली.

टेबलावरचा फोन वाजला. कोथरूडहून कुणी रंगनाथ गोवईकर बोलत होते. त्यांनी आवाज चढवून विचारलं की हे काय चालवलंय, गाण्यावर ही कोण बाई गातेय, दुसरी ओळ तर सपशेल बेसूर जातेय.

"जातेय खरी," नियाज म्हणाला. "माझी बायको आहे. अजून दोन कडवी बाकी आहेत. जरा गप्प बसता का, मला ऐकायचंय."