अण्णांचा मफलर आणि माझं कानडी

हसायचं तर जरूर हसा, पण जरा थांबून. कारण मी घातलेला घोळ मोठा होता, आणि अण्णांचा खोकलाही खरा होता.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. ह्यांची बदली बंगलोरला झाली आणि आम्ही बसवनगुडीत भाड्यानं राहायला आलो. शेजारी शारदक्का आणि त्यांचे यजमान, अण्णा. त्यांचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा. आता ऐकू आलं तर विचारायला नको का? गेले. अक्कांना फक्त कन्नड. अण्णांनीच मोडक्या हिंदीत सांगितलं, की छातीचं दुखणं आहे, दिल्लीला मुलीकडे राहून मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय, आणि तिथल्या थंडीत गळा उघडा टाकायचा नाही. अक्कांचे डोळे भरून आले. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, मफलर मी विणणार.

सुया मला कधी जमल्या नाहीत. माझ्याकडे ह्यांनी ठोकून दिलेली चौकट होती. दोन लाकडी पट्ट्या, मधे बोटभर फट, दोन्हींवर खिळ्यांची रांग. नव्यानं शिकणारीला सांगते, लोकर खिळ्यांभोवती सैल गुंडाळा. घट्ट ओढलीत तर खालचा वेढा वरच्यावरून उचलून काढताना रडाल. आणि फटीतून उतरणारं विणकाम मांडीवर गोळा होत जातं, ते वरचेवर पसरून बघा. हे शेवटचं मी स्वतः केलं नाही.

बऱ्यापैकी झाल्यावर चौकटीसकट अक्कांना दाखवायला गेले. अण्णा झोपलेले. अक्कांनी मफलर उलगडला, दोन्ही हात फैलावले आणि म्हणाल्या, "उद्दा आयतू."

आयतू म्हणजे झालं, साकु म्हणजे पुरे, एवढं मला दुकानांतून कळलेलं. आणि उद्या म्हणजे उद्या! उद्या झालं तरी चालेल, घाई नको, असं हात पसरून सांगतेय बिचारी. किती समजूतदार! घरी येऊन मी आणखी विणलं. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर त्या काळजीच्या सुरात म्हणाल्या, "तुंबा उद्दा आयतू." तुंबा म्हणजे खूप, हेही मला येत होतं. म्हणजे अजून पुष्कळ उद्या आहेत! मी आणखी लोकर आणली.

निघायच्या सकाळी दारात रिक्षा उभी. खिळ्यांवरून टाके उतरवून मी मफलर अण्णांच्या गळ्यात घातला. एक वेढा, दुसरा, तिसरा. हनुवटी झाकली, नाक झाकलं, चष्मा झाकला, तरी टोक पायरीवरच. अक्का हताश होऊन परत तेच म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो अक्का, उद्या कशाला? आजच झालाय की."

रिक्षावाला निपाणीकडचा निघाला. शांतपणे म्हणाला, "वैनी, उद्या न्हवं, उद्दा. लांब झालाय म्हणत्यात त्या."

मी कात्री घेऊन धावत आले. पण विणलेलं मधेच कापलं तर सगळं उसवत जातं, हे दुसऱ्यांना शिकवणारी मीच. कात्री हातात तशीच राहिली. गाडीची वेळ होत आलेली, त्यात अण्णांना उबळ आली.

तेव्हा अक्कांनी पायरीवरचं टोक उचललं, झटकलं, स्वतःच्या गळ्याभोवती घेतलं आणि अण्णांना चिकटून रिक्षात बसल्या. दोघं एका मफलरात. लोकरीआडून अण्णा काहीतरी पुटपुटले आणि अक्का हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मला भरून आलं. रिक्षात वाकून म्हटलं, "अक्का, तुम्ही परत याल तोवर तुमच्यासाठी वेगळा विणून ठेवते हं." रिक्षावाल्यानं ते कन्नडमध्ये सांगितलं.

अक्कांनी मफलरातून दोन्ही हात बाहेर काढले, मला जोडले आणि म्हणाल्या, "साकु."

या शब्दाचा अर्थ मला रिक्षावाल्याला विचारावा लागला नाही.