साउथ ब्रिजखालची म्हातारी

सेंगा म्यूरहेडला भुतांची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटायची ती गिऱ्हाइकांची. एडिंबरातल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानात तिनं उभी हयात पडद्याचं कापड विकलं. "हा हिरवा घरी नेल्यावर वेगळाच दिसला," म्हणत कापड परत आणणाऱ्या बायकांना ती जाम वचकून असायची. दुकान बंद पडलं तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं. लीथमधल्या दोन खोल्यांत ती आणि तिची म्हातारी आई एफी, एवढंच घर. कुणीतरी तिला म्हणालं, "सध्या एडिंबरात दोनच धंदे चालतात, कॉफीचा आणि भुतांचा." कॉफीचं ते फुसफुसणारं यंत्र तिला झेपणारं नव्हतं, म्हणून ती भुतांकडे गेली.

काम तसं सोपं होतं. काळा झगा घालायचा, हातात कंदील घ्यायचा, हाय स्ट्रीटवर जमलेल्या प्रवाशांना गोळा करायचं आणि साउथ ब्रिजच्या पोटात उतरवायचं. पुलाच्या कमानींखाली दगडी खोल्यांवर खोल्या आहेत. एके काळी तिथं चांभार बसत, दारूची पिंपं ठेवत. पुढं ज्यांना वर कुठंच थारा नव्हता ती माणसं पोराबाळांसह तिथं राहिली. भिंती बारा महिने पाझरतात. खाली दुपार आणि मध्यरात्र यांत काही फरक नसतो.

सेंगा त्या माणसांबद्दल सांगायची. एका खोलीत दहा-दहा जण कसे झोपत, माशाच्या तेलाचे दिवे किती धुरकट असत, बाया पाणी कुठून आणत. लोक ऐकायचे आणि जांभया द्यायचे. कंपनीचा मालक क्रॉफर्ड हा जुना नाटकवाला. तो कपाळाला हात लावायचा.

"सेंगा, अगं तुझ्या भुतांना बटाट्याचा वास येतो. मला रक्ताचा पाहिजे."

"रक्त कुठून आणू? ती बिचारी खोकून खोकून मेली."

"मग नीट खोक तरी!"

घरी वेगळंच चाललं होतं. एफीचं डोकं हळूहळू रिकामं होत होतं. दिवसभर ती बरी असायची. चहाची वेळ झाली, बाहेरचा उजेड मावळायला लागला, की ती सपाता फरफटत दारापाशी जायची आणि विचारायची, "आला का गं तो?"

तो म्हणजे डॉड, तिचा नवरा. दारूच्या भट्टीत कामाला होता. रोज संध्याकाळी अंगाला जवाचा वास घेऊन घरी यायचा. त्याला जाऊन वीस वर्षं उलटली होती.

सेंगाला खोटं बोलवत नसे. खोट्याची चीड तिला आईनंच शिकवलेली. ती सरळ सांगायची, "आई, बाबा गेले. कधीच गेले." एफीचा चेहरा पडायचा. ती नव्यानं विधवा व्हायची, नव्यानं रडायची. रडून दमायची, विसरायची आणि पुन्हा दारापाशी जाऊन विचारायची, "आला का गं तो?" एकदा सेंगाच्या हातातून बशी निसटली आणि तिचा तोलही गेला. ती किंचाळली, "मेला! मेला तो! किती वेळा मारू त्याला?" शेजाऱ्यानं भिंतीवर थापा मारल्या. त्या दिवशी एफी रडलीसुद्धा नाही, नुसती खुर्चीत लहान होऊन बसली.

शेवटी सेंगानं आईला वृद्धांच्या निवासात ठेवलं. एफीनं तिथं एक हिवाळा काढला आणि ती वारली. तिथं ती शांत असायची. गोळ्यांचा परिणाम असावा, असं सेंगा धरून चालली. ती भेटायला जायची, कोट अंगावर ठेवूनच बसायची आणि पाव तासात उठायची.

आई गेल्यावर काही आठवड्यांनी, एका अगदी मरगळलेल्या फेरीत, शेवटच्या खोलीत वाऱ्याच्या झोतानं तिचा कंदील विझला. काळोखात कुणीतरी खिदळलं. सेंगाला काय झालं कोण जाणे. तिनं पाय फरफटवला आणि तिच्या तोंडून घोगऱ्या, कापऱ्या सुरात निघालं, "आला का गं तो?"

बाया किंचाळल्या. एक आडदांड गडी बायकोच्या मागं लपला. वर आल्यावर लोकांनी टाळ्या पिटल्या. सेंगासाठी आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती.

मग तिनं त्या आवाजाभोवती गोष्ट रचली. मेग नावाची खाणावळवाली म्हातारी, भाडेकरूंना सूपमधून विष घालणारी. तिच्या हातून एकच जण निसटला, त्याची ती अजून वाट बघते. "ती विचारेल, पण कुणी उत्तर देऊ नका," सेंगा कुजबुजायची. "जो उत्तर देईल त्याला ती घेऊन जाते." सपातांची फरफट तिनं तशीच ठेवली. वाक्य संपताना आईचा आवाज वर चढायचा, तोही ठेवला. क्रॉफर्डनं भिंतीवरच्या जाहिरातीत मेगचं चित्र छापलं. सेंगाच्या फेऱ्यांना गर्दी होऊ लागली. घरी जाताना बसमध्ये तिला कधी कधी कसंसंच व्हायचं. मग ती टाळ्या आठवायची आणि ते जायचं.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी पाच बायांचं टोळकं वाढदिवस साजरा करत आलं. मधलीच्या डोक्यावर प्लास्टिकचा मुकुट, अंगावर आडवा पट्टा, त्यावर 'साठीची राणी' असं लिहिलेलं. वाइन पिऊनच आल्या होत्या. पहिल्या पायरीपासून राणीबाईंची टकळी सुरू झाली.

"बाई गं, काय हा वास! आमच्या ह्यांच्या मोज्यांत उतरल्यागत वाटतंय!"

"भुतांना ऐकू जाईल हं," सेंगा म्हणाली.

"जाऊ दे की! मोकळं असलं एखादं तर घरी नेते. निदान टीव्हीपुढं घोरणार तरी नाही!"

सगळे हसले. सेंगाही हसली. असली गिऱ्हाइकं तिला आताशा आवडायची. जितकी तोंडाळ, तितकी शेवटी जोरात किंचाळतात. तिनं मेगची गोष्ट मन लावून सांगितली, विष, सूप, सगळं. शेवटच्या खोलीत सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि कंदील मालवला.

फरफट. फरफट.

"आला का गं तो?"

कुणीतरी श्वास आत ओढला. सेंगा थांबली आणि नेहमीसारखी दुसऱ्यांदा, जरा रडवेल्या सुरात म्हणाली, "आला का गं?"

तेवढ्यात मागून आवाज आला. राणीबाईंचाच, पण त्यात चेष्टेचा लवलेश नव्हता. आजाऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करताना बोलावं तसा तो आवाज होता.

"आला हो, एफी. आला, जेवला आणि निजलासुद्धा. तू पण पड बघू आता."

कुणी किंचाळलं नाही. भिंतीवरून पाणी ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.  खेळात मेगला कुणी कधी एफी म्हटलं नव्हतं. आणि तिथं उभ्या उभ्या तिला कळलं, की आई गोळ्यांनी शांत झाली नव्हती. त्या निवासात रोज संध्याकाळी कुणीतरी तिच्या नवऱ्याला घरी आणत होतं, जेवू घालत होतं, झोपवत होतं. इतकं सोपं होतं ते. पोटच्या लेकीला ते एकदाही सुचलं नव्हतं.

कंदील लावायला तिला फार वेळ लागला. "चला," एवढंच म्हणून तिनं सगळ्यांना वर आणलं. तो प्रसंग खेळातलाच समजून लोकांनी दणकून टाळ्या दिल्या.

बाहेर लख्ख ऊन होतं. राणीबाई मुकुट हातात घेऊन तिच्यापाशी आल्या. आता सेंगानं त्यांना ओळखलं. निवासातली ती निळ्या एप्रनची, घट्ट बांधलेल्या केसांची जिंटी. आईच्या खोलीत ये-जा करताना तिला कितीदा पाहिलं होतं, पण चेहऱ्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं.

"तू एफीची पोर ना गं?" जिंटी म्हणाली. "मेले मी लाजेनं. तोंडातून निघूनच गेलं बघ. सबंध हिवाळा रोज तेच म्हणत होते ना मी! तुझा खेळ मोडला का?"

"नाही, नाही."

जिंटीनं तिच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "आईची आठवण म्हणूनच करतेस ना हे?"

"हो," सेंगा म्हणाली. "आठवण म्हणूनच."

जिंटीनं मान हलवली, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि मैत्रिणींमागं निघून गेली. सेंगाचे कान तापले. ऊन उतरलं तरी ते तापलेलेच राहिले. खोट्याची चीड असणारी ती. आईला जे एक खोटं द्यायचं होतं ते तिनं दिलं नाही आणि स्वतःसाठी मात्र ते क्षणात सापडलं.

दुसऱ्या दिवशी क्रॉफर्ड लोकांकडून ऐकून हात चोळत आला. "ते उत्तर! काय सुचलंय तुला! आता रोज मागं कुणीतरी उभं करू उत्तर द्यायला."

"मी मेग करणार नाही," सेंगा म्हणाली.

"म्हणजे?"

"नाही करणार. बरं नाही वाटत."

खरं कारण काही तिच्या तोंडून निघेना. क्रॉफर्डनं खांदे उडवले. मेग काही सेंगाच्या मालकीची नव्हती, जाहिरातीत छापलेली होती. त्यानं ती ऐल्साला दिली. ऐल्सा नाटकांत काम मिळेनासं झालेली चाळिशीची नटी, कामाला चोख. तिनं सेंगाच्या फेऱ्यांना येऊन सगळं आधीच टिपून ठेवलं होतं.

आता सेंगा एका खोलीत चांभारांबद्दल सांगत असायची आणि भिंतीपलीकडून यायचं: फरफट, फरफट, "आला का गं तो?" तोच चढता सूर. फक्त ऐल्सा तो जरा जास्त ताणायची, म्हणजे लोक घाबरून झाल्यावर हसतील. आणि ते हसायचे. सेंगानं काही दिवस ते ऐकून घेतलं. मग एका दुपारी बोलता बोलता ती अर्ध्या वाक्यावर थांबली, आपली माणसं तिथंच सोडून पलीकडच्या खोलीत शिरली आणि कंदील वर धरून म्हणाली, "बंद कर, ऐल्सा. ही मेग नाही. माझी आई आहे ही."

 मग कुणीतरी टाळी वाजवली. लगोलग सगळ्यांनी वाजवली. एका पोरानं शिट्टीही मारली. एवढ्या लोकांत ऐल्साचा चेहरा तेवढा उतरला होता, कारण नटीला खरं काय आणि खोटं काय ते लगेच कळतं.

संध्याकाळी मागच्या खोलीत, जिथं झगे टांगतात, तिथं सेंगानं सगळ्यांसमोर सांगितलं. बशी, शेजाऱ्याच्या थापा, कोट घालून बसणं, काही वगळलं नाही. क्रॉफर्ड छताकडं बघत होता. ऐल्सा म्हणाली, "मला आधी सांगायचंस गं. मी हातसुद्धा लावला नसता." जाहिरात उतरली. क्रॉफर्ड नंतर बरेच दिवस धुसफुसत राहिला, आणि सेंगाला त्यानं सकाळची, शाळेच्या पोरांची आणि पेन्शनरांची फेरी दिली.

जिंटीला भेटायचं बाकी होतं. निवासाच्या मागच्या दारी ती पायरीवर बसून बेकनचा पाव खात होती. सेंगा समोर उभी राहिली.

"मी त्या दिवशी खोटं बोलले. आठवण वगैरे काही नव्हतं. लोक ओरडायचे म्हणून करत होते."

"ठाऊक आहे," जिंटी म्हणाली.

"ठाऊक होतं?"

"मी काय बावळट आहे? आईची आठवण म्हणून कुणी तिची विष घालणारी मेग करतं का गं?" तिनं ओठावरचा सॉस पुसला. "तुला पळायला एक वाट करून दिली मी. म्हटलं, बघू तरी. मला वाटलं होतं, तू काही त्या वाटेनं जायची नाहीस. तुझी आई तसल्या वाटेला गेली नसती."

 जिंटी उठली, एप्रनवरचा चुरा झटकला. "माझ्या दोन जणींची आंघोळ राहिलीय," म्हणाली आणि आत गेली. दार तिनं आपटलं नाही, सावकाश लावून घेतलं.

सेंगा अजून साउथ ब्रिजखाली उतरते. धुरकट दिवे, पाणी भरणाऱ्या बाया, असलंच सांगते. पेन्शनर बाया मन लावून ऐकतात, पोरं जांभया देतात. शनिवारी लीथच्या बाजारात कधी जिंटी समोरून येते. "काय गं," म्हणते, पण थांबत नाही. सेंगाही "काय गं" म्हणते आणि पुढं जाते. तिनं थांबावं असं सेंगाला फार वाटतं. पण तसं म्हणायचा हक्क आपल्याला नाही, हेही तिला कळतं.