माझी पोर कडेवर घेतलेला माणूस

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आमच्या घरात ही गोष्ट वेगळीच सांगितली जाते – आणि ती तशी मीच चालू दिली.

माझं माहेर निमगाव केतकीचं, सासर बारामतीत. मुलगी तीन वर्षांची असताना तिला घेऊन माहेरच्या आठवडे बाजारात गेले होते. तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. खरे की खोटे, कोण बघतंय? मीही दोघीतिघींना पाठवले होते.

बांगड्या भरायला बसले. कासाराच्या हातात हात दिला – आणि पोरीचा हात सुटला. किती वेळ? सांगता येत नाही. वर बघते तर पोर नाही.

मग दिसली. एका अनोळखी माणसाच्या कडेवर, रडत. वाढलेली दाढी, तांबारलेले डोळे, कारखान्याचा मळका शर्ट. तो एका दुकानापुढं थांबून विचारत होता, "कुणाची हाय ही पोर? आई कुठं हाय हिची?"

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. तरी ओरडले – "धरा त्याला! माझी पोर पळवली!"

का? घाबरले होते, हो. पण तेवढंच नव्हतं. लोक म्हणतील, ही बांगड्या भरत बसली आणि पोर हरवली – त्यापेक्षा तो चोर असलेला मला बरा वाटला. तसा दिसतही होता ना? रात्रपाळी करून आलेला माणूसही तसाच दिसतो, हे मला का सुचू नये?

माणसं धावली. त्यानं आधी पोर माझ्या हातात दिली, मग मार खाल्ला. शेवटी भाजीवाले तात्या मधे पडले. "थांबा रं! मगापासनं आईलाच हुडकतोय त्यो!"

हात थांबले. त्याचा ओठ फाटला होता. सगळे माझ्याकडं बघत होते. तात्यांच्या बोलण्यावर नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी भागलं असतं – पण मी पोरीला छातीशी धरून रडत राहिले. कुणीतरी त्याला दरडावलं, "पुन्हा हितं दिसू नगंस."

तो निघाला. जाता जाता मला म्हणाला, "ताई, पाणी पाजा तिला. लई रडलीय."

बारामतीला घरी पोचेपर्यंत मी चोर पकडून देणारी झाले होते. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. मी काढू दिली.

मुलगी आता शाळेत जाते. परवा मैत्रिणींना सांगत होती, "माझ्या आईनं मला चोराकडून सोडवलं." मी तिथंच होते. सांगू दिलं.

तो चोर नव्हता. ओरडायच्या आधीच मला ते माहीत होतं.