डाव्या कोपऱ्यातला स्पीकर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकेकाळी लोक मायाप्पाच्या कानाची शपथ खायचे. टॉवेलच्या शेडमध्ये चोवीस माग एका दमात खडाखडा चालू असताना हा गडी दारात चप्पल काढायचा, फरशीवर क्षणभर उभा राहायचा आणि बोट दाखवायचा. अकरा नंबर. अकरा नंबरचा नट खरंच ढिला निघायचा. माग दुरुस्त करणारा जॉबर डिप्लोमा घेऊन आलेला, त्याच्या नाकावर टिच्चून हा सातवी नापास. पाहुणे आले की मालक मायाप्पाला मुद्दाम बोलवून घ्यायचा, जत्रेतला नंदीबैल दाखवावा तसा. पगारवाढीची गोष्ट निघाली की मात्र मालकालाच ऐकू यायचं बंद व्हायचं.

त्या कानावर विसंबून मायाप्पाची लेक सुकन्या त्याला रविवारी दुपारी नवी पेठेत घेऊन निघाली होती. पोरगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागलेली. घरात मोठा टीव्ही आणलेला तिनंच. आणि टीव्ही आल्यापासून घरात एकच भांडण. मायाप्पा आवाज चढवत चढवत न्यायचा, शेजारची मल्लव्वा भिंतीवर लाटणं आपटायची.

"टीव्ही पातळ झालेत, अप्पा, तसा त्यांचा आवाजही पातळ झालाय," सुकन्या म्हणाली होती. "आपण होम थेटर घेऊ की. चारी अंगांनी आवाज येणारं. आणि निवडायचं तुम्ही. तुमच्यासारखा कान कुणाचा आहे सोलापुरात?"

मायाप्पा "बघू की" म्हणाला, आणि विषय बदलला. कारण त्याचा डावा कान जाऊन नऊ वर्षं झाली होती, उजवाही निम्माच उरला होता, आणि हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेडमधली त्याची जागा कोपऱ्यातली. उजवीकडं माग, डावीकडं पत्र्याची भिंत. मागाचा दणका पत्र्यावर आपटायचा आणि तिथून सरळ डाव्या कानात शिरायचा, दिवसाला बारा तास, एकतीस वर्षं. कामगारांनी एकदा कानात घालायला कापसाचे बोळे मागितले होते. मालक हसला. म्हणाला, "सुताच्या शेडमध्ये काम करता आणि मला कापूस मागता व्हय रे?" लोकांनी खाली पडलेला सुताचा कचराच कानात कोंबला. कुणाचा हात मागात गेला तर निदान पोलीस येऊन पंचनामा करायचे. कान गेल्याचा पंचनामा कुठं होतो? कान गेला की माणूस नुसता "आँ?" म्हणतो आणि लोक हसतात.

मायाप्पाला तेवढं हसं नको होतं. शेड बंद पडून तिथं सिमेंटचं गोदाम झालं, सोबतचे गडी पांगले, हातात राहिलं ते एवढंच नाव. मायाप्पाचा कान म्हणजे कान. लेकीलाही तो लहानपणापासून हेच सांगत आला होता. आता पोरीसमोर ते कसं सोडायचं?

बायकोला, सिद्धम्माला, त्यानं सांगितलं नव्हतं म्हणजे सांगावं लागलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी एके दिवशी ती जेवताना त्याच्या डावीकडून उठली आणि ताट घेऊन उजवीकडं येऊन बसली. काही विचारलं नाही. तेव्हापासून तिची जागा उजवीकडं.

तिला काय लपणार होतं? ती त्याच शेडमध्ये मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. त्या दणदणाटात तोंडानं बोलून उपयोग नसायचा, म्हणून सगळी शेड ओठांनी बोलायची. आवाज न काढता ओठ मोठे मोठे हलवायचे, समोरच्यानं वाचायचं. कन्नडवाला, तेलुगूवाला, आपला मराठीवाला, सगळ्यांना एकमेकांचे ओठ कळायचे. तिनं मायाप्पाला म्हटलेलं पहिलं वाक्य होतं, "कांडी संपली तुमची, लक्ष कुटं हाय?" मग महिनाभर दोघं रोज बोलली. मैंदर्गीचा बाजार, तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न, जॉबरच्या मिशा, सगळं बोलून झालं. आणि एका सुट्टीच्या दिवशी मैंदर्गीच्या गाडीत कुणीतरी बाई कंडक्टरशी कडाकडा भांडायला लागली. मायाप्पानं वळून पाहिलं तर सिद्धम्मा! महिनाभर जिच्याशी मनातलं बोलला, तिचा आवाज तो तेव्हा पहिल्यांदा ऐकत होता. चांगला दणदणीत आवाज. कंडक्टर गप्प झाला, आणि मायाप्पाचं लग्न तिथंच ठरलं म्हणायचं.

नवी पेठेतल्या दुकानात सिद्धम्माही सोबत आली होती. उमर नावाचा तरुण मालक होता. त्यानं तिघांना माडीवरच्या काचेच्या खोलीत नेलं. भिंतींना जाड फोम, मधोमध सोफा, समोर टीव्ही, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, टीव्हीखाली पाचवा, आणि खाली जमिनीवर एक काळा ठोकळा, जाड आवाजाचा. मायाप्पा आणि सुकन्या सोफ्यावर बसले. सिद्धम्मा म्हणाली, "मला न्हाई जमत त्या गादीत रुतून," आणि टीव्हीशेजारच्या खुर्चीवर, नवऱ्याकडं तोंड करून बसली.

"चाचा, आरामसे बैठो," उमर म्हणाला. "अब्बी हेलिकॉप्टर आताय, देखो कैसा घुमताय."

हेलिकॉप्टर आलं. मायाप्पाला ते उजवीकडं ऐकू आलं आणि मग पार नाहीसं झालं, खड्ड्यात पडल्यासारखं. शेजारी सुकन्या मान फिरवत "बापरे" म्हणत होती. मायाप्पा टीव्हीकडं बघत ताठ बसला. तेवढ्यात त्याची नजर सिद्धम्माकडं गेली. तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ.

"मागं गेलं. आता डाव्या अंगाला."

मायाप्पानं सावकाश डावीकडं मान वळवली.

"आता म्होरं आलं."

मायाप्पानं मान पुढं आणली आणि जाणकारासारखी डोलावली. त्याला क्षणभर शेडच आठवली. जॉबर येतोय हे सिद्धम्मा तिकडून ओठांनी सांगायची आणि हा विडी विझवायचा. तेच ओठ. कडेला सुरकुत्या तेवढ्या आल्या होत्या.

"वा चाचा! कान है के क्या है!" उमर म्हणाला.

"एकतीस वर्षं शेडमध्ये काढलीत पोरा. तुजा जन्म न्हवता," मायाप्पा छाती काढून म्हणाला. सुकन्या अभिमानानं हसली.

उमरनं दुसरा सेट जोडला, पहिल्यापेक्षा भारी. तेच हेलिकॉप्टर पुन्हा सोडलं. या खेपेला सिद्धम्माला सगळं पाठ झालं होतं. शेडमध्ये जॉबर दिसायच्या आधीच सांगायची तिची खोड. हेलिकॉप्टर मागं पोचतंय न पोचतंय तोच ओठ म्हणाले, "डाव्या अंगाला." मायाप्पानं ऐटीत मान वळवली, डाव्या कोपऱ्यातल्या स्पीकरकडं बघितलं, वर "झकास!" म्हणाला.

त्या स्पीकरची तार निसटली होती. तो मुका होता.

"अरे, इसका तो वायर निकल्या," उमर म्हणाला आणि खाली वाकला.

सुकन्यानं बापाकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. सिद्धम्माचे ओठ अजून अर्धवट उघडे होते.

मायाप्पाचा पारा चढला. "तुजा सेटच भंगार हाय! तारा नीट लावायला येत न्हाईत आन् लाखाच्या गोष्टी करतोस? चल गं सुकन्या. दुसरं दुकान बघू."

तो उठला. दारापाशी पोचला. कुणी मागून येईना म्हणून थांबला. समोर काचेत सिद्धम्मा दिसत होती, तिचं तोंड काचेकडंच. तिचे ओठ हलले, अगदी सावकाश.

"पोरगी हाक मारतीय तुमाला. डाव्या कानापाशी उभी हाय. तिसऱ्यांदा मारतीय."

आता नुसतं वळायचं होतं. "काय गं?" एवढंच म्हणायचं होतं. निभावलं असतं, निदान त्या दिवसापुरतं. मायाप्पा वळला नाही.

"न्हाई ऐकू येत, पोरी," तो दाराकडं बघतच म्हणाला. "डावा गेलाय. नऊ वर्षं झाली. तुजी आई बोलतीय आन् मी ऐकतोय."

सुकन्या फिरून त्याच्या उजवीकडं आली. "मी लॅबमध्ये दुनियेचं रक्त तपासते आणि घरात माझ्या बापाचा कान..." मग ती आईवर घसरली. "आणि तू गं अव्वा? कॉपी पुरवतेस व्हय त्यांना?"

"मग? नापास होऊ देऊ?" सिद्धम्मा म्हणाली.

उमर वाकलेल्या अवस्थेतच फिस्सकन हसला. मग सुकन्या हसली, डोळे पुसत. हसला नाही तो मायाप्पा. "उद्या डॉक्टरकडं जायचंच," असं पोरीनं बजावलं तेव्हा "जाऊ," म्हणाला. पण एकतीस वर्षांचं नाव त्या खोलीत सांडलं होतं आणि ते कसं उचलावं ते त्याला कळत नव्हतं. परत सोफ्याकडं येताना त्यानं सवयीनं चप्पल काढली.

उमरनं तार जोडून सेट पुन्हा चालू केला. जमिनीवरच्या काळ्या ठोकळ्यातून घुमारा उठला आणि फरशीतून मायाप्पाच्या तळपायात शिरला. तो जागीच थांबला. डोळे मिटले.

"बंद करू नको," तो म्हणाला. पुढं होऊन त्यानं ठोकळ्याच्या अंगावर तळहात ठेवला, मग कडेला, मग पाठीला. "हितं काहीतरी थरथरतंय. आत न्हाई, खाली. एक पाय टेकत न्हाई याचा."

"नवा माल है चाचा, पेटीबंद."

"उलटा कर."

उमरनं ठोकळा उलटा केला. चार रबरी पायांतला मागचा पाय ढिला होता, स्क्रू निम्मा बाहेर. उमर स्क्रू ड्रायव्हर आणायला खाली पळाला.

"अप्पा," सुकन्या म्हणाली, "शेडमध्येपण तुम्ही..."

"चप्पल का काढायचो मग मी?" मायाप्पा म्हणाला. त्यालाही ते आत्ताच कळल्यासारखं झालं होतं. जॉबर बिचारा बूट घालून फिरायचा.

तोच सेट घ्यायचा ठरला. निवड मायाप्पाची. फक्त त्यानं उमरला सांगून मागच्या डाव्या स्पीकरची तार लांब करून घेतली.

आता नीलम नगरातल्या त्या घरात चार स्पीकर बाहेरच्या खोलीत आहेत आणि मागचा डावा स्वयंपाकघरात, ताकाच्या गाडग्याशेजारी. डॉक्टरनं मशीन दिलंय, ते मायाप्पा सणासुदीला लावतो. एरवी तो आवाज बारीक ठेवून, फरशीवर अनवाणी बसून पिक्चर बघतो. मल्लव्वाचं लाटणं आता भिंतीवर येत नाही. पडद्यावर काही उडत उडत डावीकडं गेलं की मायाप्पा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघतो. पिठाचे हात घेऊन सिद्धम्मा दारात येते. आवाज न काढता ओठ हलवते.

"आलं. माज्याकडं हाय."