काकांना बरं वाटलं तो दिवस

“पॅसेंजर आले गो बाय, दार उघड!” लॅबच्या पायरीवरून काकांची हाक यायची आणि पाठोपाठ बर्फाची निळी पेटी आत यायची. सावर्ड्याच्या केंद्रावर घेतलेलं लोकांचं रक्त एसटीने रत्नागिरीला आणायचं आणि रिकामी पेटी परत न्यायची, हे त्यांचं काम. पेटी ते मांडीवर घेऊन बसत. कंडक्टरने मागे ठेवायला सांगितली तर म्हणत, “तुमचा पोर ठेवाल काय मागं?”

हायवेवर खड्डा आला की पेटीवर थोपटून म्हणायचे, “घाबरू नका रे, पोचलाव.” शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे जाई. तुम्हीही गेला असतात.

त्या खड्ड्यांनी काकांची कंबर धरली होती. खिशात कायम गोळ्या. दाढेला पांढरी, कमरेला निळी, अंग मोडून आलं तर भाच्याने मस्कतहून आणलेली मोठी. “ज्याचा रोग त्येची गोळी,” हे त्यांचं वैद्यक. तिन्ही पाकिटांवर बारीक अक्षरात एकच औषध लिहिलेलं होतं, पॅरासिटामॉल. ती पाकिटं मी पाहिली ती नंतर, इस्पितळात.

एकदा त्यांची दाढ सुजली, अंगात कणकण आली, कंबर तर होतीच. तिन्ही गोळ्या दिवसरात्र चालू. मग उलट्या लागल्या. सावर्ड्याच्या केंद्रावरच्या मुलीने बळेच त्यांचं रक्त काढलं आणि नळी त्याच पेटीत ठेवली. म्हणजे त्या दिवशी काका मांडीवर स्वतःचंच रक्त घेऊन आले.

आले ते खुशीत. “आज बरा वाटतंय. उलटी थांबली, भूकपण लागली.” बाकावर बसून त्यांनी भजी मागवली.

आत मी त्यांची नळी यंत्राला लावली. यकृताचा आकडा यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेला. मी नमुना पातळ करून पुन्हा लावला. तेच. काचेतून पाहिलं तर काका भजी खात कुणालातरी हसवत होते.

काकांच्या शरीरात काय चाललं होतं ते सांगते. यकृत ही गोळी मोडून बाहेर घालवतं, पण मोडताना थोडं विष तयार होतं. ते निकामी करणारं रसायन प्रत्येक पेशीत असतं. गोळ्या फार झाल्या की ते संपतं. मग मोकळं सुटलेलं विष पेशीच्याच भागांना चिकटतं, तिला शक्ती पुरवणारे बारीक कारखाने बंद पाडतं. पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं रक्तात सांडतं. आमचं यंत्र तेच मोजतं. आणि एवढं होऊन बरेचदा काहीच जाणवत नाही. मधे एखादा दिवस तर माणसाला चक्क बरं वाटतं.

आमच्या डॉक्टरबाई बाहेर धावल्या. “काका, हे तुमच्या गोळ्यांचं विष आहे, आत्ता इस्पितळात चला. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.”

“मशीन दमला असंल तुमचा,” काका हसले. “पेटी पोचवतंय न उद्या येतंय. तिकडं माणसा खोळंबतील.”

मी पेटीचा पट्टा घट्ट धरला. त्यांनी माझी बोटं हळूच सोडवली. संध्याकाळी घरी फोन केला तर काकी म्हणाल्या, “पोटभर जेवले न शांत झोपले.”

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन आले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते. तिथूनच त्यांना इस्पितळात नेलं. उतारा चालू झाला, पण उशीर झाला होता.

दुपारी मी भेटायला गेले तर ते सलाइनच्या नळीकडे बोट दाखवत होते. “बाय, ही नळी कुनाची? नाव नाय लिवलेला.”

मी त्यांचंच नाव सांगितलं.

“बिचारा,” काका म्हणाले. “वाचल काय गो?”

काका वाचले नाहीत.

लॅबमध्ये जुने नमुने काही दिवस फ्रिजमध्ये राहतात, मग टाकून देतात. टाकायच्या दिवशी काकांची ती भजीच्या दिवसाची नळी माझ्या हाती आली. खाली लाल थर, वर नितळ पाणी, काविळीचा मागमूस नाही. कुणालाही दाखवली असती तर धडधाकट माणसाचं रक्त म्हणाला असता.