छाती आवळली की गूळ

पोलीस भरतीला मैदान लागतं हे सरकारला माहीत असेल, आमच्या गावाला नव्हतं. गोंदियाजवळच्या कामठ्याच्या बाजूचं आमचं गाव, चारी अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे पाणी तुंबवलेली शेतं, आणि बांधीत पळायला आम्ही पोरी काही बगळे नाही. सपाट जागा एकच होती, राईस मिलचं धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण. आई तिथेच कामाला होती. धान पसरायचं, पायाने वरखाली करायचं, संध्याकाळी झाडून ढीग लावायचा. तिच्या शब्दावर मालकाने परवानगी दिली, मजूर यायच्या आत पळून घ्या म्हणाला. मग मी आणि माझी मैत्रीण रोज सकाळी तिथे घाण्याच्या बैलासारख्या फिरायला लागलो.

दिवाळीनंतर मिल जोरात सुरू झाली आणि माझी छाती आवळायला लागली. दुखत नाही, आवळते, हे सांगून सांगून मी थकले. आतून कुणी दोरी ओढावी तसं व्हायचं. श्वास आत जायचा, पण बाहेर यायला कुरकुर करायचा. थोड्या फेऱ्या झाल्या की मी गुडघ्यांवर हात टेकून उभी आणि मैत्रीण पार पुढे. आठशे मीटर वेळेत झालं नाही तर भरती गेली, आणि भरती गेली की घरात सोयरिकीचं बोलणं सुरू होणार, हे ठरल्यासारखंच होतं. मला ती वर्दी हवी होती. लहान पोराला जत्रेतली पिपाणी हवी असते तितकी हवी होती.

मिलवर काम करणाऱ्यांचा एक नेम आहे. कोंड्याची धूळ नाकातोंडात गेली की गुळाचा खडा चघळायचा. गूळ धुळीला सोबत घेऊन खाली उतरतो म्हणतात. आईने तोच उपाय मला लावला. पळायला निघताना एक खडा, छाती जास्त आवळली की खडा मोठा. त्या हिवाळ्यात मी एवढा गूळ खाल्ला की निदान माझी जीभ तरी गोड व्हायला हवी होती. तीही झाली नाही.

मध्ये देवरीकडे मामाच्या गावी लग्नाला गेले. सवयीने तिथेही सकाळी डांबरी रस्त्यावर पळाले आणि छाती मोकळीच राहिली. मामा म्हणाला, जंगलाची हवा आहे. मी बरी झाले असं समजून खुशीत परतले. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी पटांगणावर मात्र अशी आवळली की एक वाक्य एका दमात बोलता येईना. मैत्रीण घाबरली. तिच्या मोबाईलवर नाचता नाचता कोसळणाऱ्या तरुण पोरांचे व्हिडिओ येत असत, त्यामुळे तिला वाटलं मला अटॅकच आला. घरी कुणाला न सांगता तिने मला स्कूटीवर बसवलं आणि थेट गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

आतून दोरी ओढल्यासारखं होतं हे ऐकून डॉक्टरबाईंनी आधी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ‘हार्ट एकदम ठीक है,’ म्हणाल्या, आणि मैत्रीण माझ्याआधी रडली. मग एका नळीत जोरात फुंकायला लावलं, औषधाची वाफ दिली, थोड्या वेळाने पुन्हा फुंकायला लावलं. दुसऱ्यांदा फुंकर चांगली लांब गेली. त्यांनी सांगितलं की हा दमा आहे, धुळीने श्वासनळ्या आखडतात आणि पळताना जास्त आखडतात. तोंडाने ओढायचे औषधाचे दोन पंप दिले. धूळ टाळायची, रोजचा पंप नेमाने ओढून चूळ भरायची, दुसरा पळण्याआधी ओढायचा, आणि एकदम जोरात न सुटता आधी चालून अंग गरम करायचं. छातीत कळ येऊन हातात उतरली, घाम फुटला, चक्कर आली किंवा पंपानेही श्वास मोकळा झाला नाही, तर घरी न थांबता निघून यायचं. मी गुळाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. ‘गूळ पोटात जातो,’ एवढंच म्हणाल्या.

घरी पंप पाहून आईचा चेहरा उतरला. आपल्या घरात कुणालाच दमा नाही, डॉक्टरीण चुकली असेल, पंपाची सवय लागली की सुटत नाही, आणि असली पोरगी कोण करून घेईल, असं ती एका दमात बोलून गेली. तिने पंप तांदळाच्या कोठीमागे ठेवला. मी तो काढला, तिने परत ठेवला. मला भयंकर राग आला. चोराच्या मागे धावताना कोठीमागे जाऊन पंप ओढू का, असं मी तिला विचारलं. त्यानंतर तिने पुन्हा पंपाला हात लावला नाही.

आम्ही पटांगण सोडून तलावाच्या पाळीवर पळायला लागलो. पाळ ओबडधोबड, एकदा पाय मुरगळला, पण श्वास मोकळा झाला. हळूहळू मी मैत्रिणीच्या बरोबरीने आले, आणि ते तिला फारसं आवडलं नाही.

गोंदियाच्या मैदानी चाचणीच्या दिवशी आई सोबत आली. कुंपणाबाहेर डबा मांडीवर घेऊन बसली. मी साऱ्या पोरींसमोर पंप ओढला, आखडणाऱ्या नळ्यांना मोकळं व्हायला वेळ दिला आणि आठशे मीटर वेळेत संपवलं. पुढे लेखी परीक्षेने मला पाडलं, त्यात छातीचा काही दोष नव्हता. त्या दिवशी मात्र मी हवेत होते.

दुपारी बसस्टँडवर गावच्या गाडीत बसलो. गाडी सुटायला वेळ होता.

‘पंप घेतला का दोरी सुटते का व?’ आईने विचारलं.

मी चमकले. दोरीचं मी फक्त डॉक्टरबाईंना सांगितलं होतं.

‘तुले कसा मालूम, माय?’

‘मलेबी तसाच होते. मिलवर लागली तवापासून.’

‘मग सांगतला काऊन नाही?’

‘दमेकरी बाईले कोन कामावर ठेवते?’ ती म्हणाली. मग डबा पिशवीत नीट लावत हळूच म्हणाली, ‘अना मले वाटे, साऱ्याच बायाइले तसा होते.’

मला तिच्याकडे बघवेना. मी तिची पिशवी उचलली, तिला गाडीतून खाली उतरवलं आणि रिक्षावाल्याला सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं.